उशिराच्या वहीतला रकाना

रत्नागिरी जिल्ह्यात चोख न्याय मिळण्याची जागा एकच होती, आमच्या खाडीकाठच्या शाळेचं फाटक! तिथे आमच्या गणिताच्या बाई उशिराची वही घेऊन उभ्या असत. उंची पाच फुटांच्या आत, हातात बारमाही छत्री आणि आवाज असा, की पलीकडच्या गावातल्या कोंबड्या दचकाव्यात. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो आणि उशिरा येण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, तेव्हा हे सगळं स्वानुभवाने सांगतोय. पहिल्यांदा अडवलं तेव्हा मी रुबाबात म्हणालो, "अहो बाई, मी शिक्षक आहे." "मग तुम्हाला घड्याळ कळत असेल की," असं म्हणून बाईंनी मला प्रार्थना संपेपर्यंत आठवीच्या पोरांबरोबर फणसाखाली उभं केलं. पोरांनी सरकून मला सावलीत जागा दिली.

वर्गातही तीच तऱ्हा. एकदा बाई फळ्याकडे वळल्या आणि मागून कुणीतरी कावळ्याचा आवाज काढला. दुसऱ्या कुणी अख्खा वर्ग बाकावर उभा केला असता. बाई म्हणाल्या, "एकाच्या वात्रटपणापायी चाळीस जणांचे पाय दुखवायचे? छे!" त्यांनी एकेकाला उठवून कावकाव करायला लावली. तो गोंधळ ऐकून मुख्याध्यापक धावत आले, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्हीपण काढून दाखवा. उगाच संशय नको." आणि सरांनी काढला हो! इतका हुबेहूब, की खऱ्या गुन्हेगाराने हसता हसता आपणहून कबुली दिली. नाहीतर प्रकरण सरांवरच शेकलं असतं.

पण गेल्या वर्षीचा खटला आठवला की मी अजून आदराने खुर्चीवरून उठतो. वर्षात बारा वेळा उशीर झाला, की कुठल्याही संघात जागा नाही, असा मुख्याध्यापकांचा नियम होता. नववीतली रुचिता खाडीपलीकडून होडीने येई. खो-खोत तिला बाद करणं कुणाच्या बापाला जमत नसे. सावर्ड्याचे सामने चार दिवसांवर आले आणि तिचा बारावा उशीर भरला. सरांनी संघातून तिचं नाव कापलं. फाटकाशी उभी राहून पोर हमसून रडायला लागली.

"बाई, मी घरातनं येळेवर निघते, पन सुकतीला होडी चिखलात बसते. पानी चढल्याबिगर हलतच नाय." सुकती म्हणजे ओहोटी.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस गो?"

"कुनी इचारलंच नाय."

बाईंनी वही उघडून पानं चाळली. वहीत नाव होतं, तारीख होती, मिनिटंसुद्धा होती. कारणाचा रकाना तेवढा नव्हता. आणि वही बाईंनीच आखली होती.

दुपारी ऑफिसच्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरलं. रुचिताची प्रत्येक तारीख तिथीशी ताडून झाली आणि बाई एकदम माझ्याकडे वळून ओरडल्या, "सर, सापडलं!" बाराच्या बारा उशीर पंचमी ते सप्तमीमधले! त्या तिथींना ऐन होडीच्या वेळी सुकती! कॅलेंडर फडफडवत बाई व्हरांड्यातून मुख्याध्यापकांच्या खोलीकडे धावल्या, मागोमाग मी धावलो, आणि माझ्यामागे अख्खी नववी.

मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणजे खाडीमुळे उशीर होतो, असं मी वर लिहून कळवू?"

"कळवा. हवं तर खाडीला बोलावून जबाब घ्या," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "सर, न विचारता शिक्षा मी केली. बारा वेळा. नाव कापायचं तर माझं कापा."

दुसऱ्या दिवसापासून बारा दिवस प्रार्थनेला बाई स्वतः फणसाखाली उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी सरांनी रुचिताचं नाव परत घातलं, तरी बाई हलल्या नाहीत. बारा म्हणजे बारा. त्यातले बरेच दिवस उशिरापायी मीही शेजारी होतोच. सावर्ड्याला आमचा संघ हरला, पण रुचिता एकदाही बाद झाली नाही.

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे पुण्याला गेल्या. यंदा रुचिता दहावीत आहे आणि होडीच्या वेळी पाणी असेल त्या दिवशी फाटकावरची वही तिच्याकडे असते. वहीत आता कारणाचा रकाना आहे, बाईंनीच जाताना पट्टी लावून आखलेला. काल मी पुन्हा सापडलो.

"सर, आज दशमी. आज सुकती नाय. मग कारन काय लिवू?"

"आळस," मी म्हणालो.

तिने ते नीट अक्षरात लिहिलं. मी फणसाखाली जाऊन उभा राहिलो आणि सवयीने शेजारी पाच फुटांच्या आतल्या माणसापुरती जागा मोकळी सोडली. बाईंची फार आठवण आली.