पूर्णिमासाठी काय मागायचं

कुसुम साळवे मूळची नगरकडची, प्रॉटेस्टंट घरातली. पास्कल तुस्कानो वसईचा कॅथलिक. त्यांच्या लग्नात दोन्हीकडच्या नातलगांनी नाकं मुरडली होती, पण वारज्याच्या त्यांच्या घरात त्यावरून कधी वाद झाला नाही. रविवारी पास्कल त्याच्या चर्चमध्ये मिस्साला जायचा आणि कुसुम तिच्या चर्चमध्ये उपासनेला. एकुलती एक मुलगी पूर्णिमा मात्र दोन्हीकडे. सकाळी बाबांबरोबर मिस्सा, मग आईला स्कूटरवर बसवून उपासनेला. "देव एकच, पण माझी डबल ड्युटी," असं म्हणून हसायची.

पूर्णिमा कोथरूडच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. रोज कामाला निघताना ती तळमजल्यावरच्या शेजारीण सुंदराबाईंकडे थांबायची. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला होता आणि पाय ओढत चालावं लागायचं. पूर्णिमा त्यांना पलंगापासून खिडकीपर्यंत चालवायची. असं कर म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरात तिला ताप आला. साधा वाटला, पण डेंग्यू निघाला. आठवडाभरात ती गेली.

दफनाच्या वेळी कुसुमच्या चर्चच्या पाळकांनी मायेने सांगितलं, "पूर्णिमा निजली आहे. प्रभू तिला उठवेल." कुसुमने नुसती मान हलवली. मनात आलं, माझी पोर इतका वेळ कधी झोपत नाही.

महिना झाला, तेव्हा पास्कल म्हणाला, "तिच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगतो. येशील?" कुसुमच्या चर्चमध्ये गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत.

"कशासाठी? ती प्रभूजवळ आहे ना? मग तिच्यासाठी आता काय मागायचं राहिलंय?"

"मी बाप आहे गं. मागितल्याशिवाय मला राहवत नाही."

"म्हणजे ती अजून पोचली नाही, असं वाटतं तुम्हाला?"

पास्कल एकटाच मिस्साला गेला. त्या दिवसापासून घरातली रात्रीची एकत्र प्रार्थना बंद पडली. तो आतल्या खोलीत माळ जपायचा, ती स्वयंपाकघरात बायबल उघडून बसायची, आणि एक ओळही पुढे सरकायची नाही.

दिवाळीच्या सुमारास सुंदराबाईंच्या सुनेने निरोप आणला. खुद्द सुंदराबाईंचेच शब्द होते : "मुलगी गेली हे कळतंय. पण माझे पाय आखडलेत. कोणी येणार आहे का?"

कुसुमचं डोकंच फिरलं. चार खडे बोल सुनावायला ती खाली गेली. सुंदराबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी डावा हात पुढे केला. काय झालं कोणास ठाऊक, कुसुमने तो धरला.

"असा नाही. ती कोपराखाली धरायची."

कुसुमने कोपराखाली हात घातला. पूर्णिमाचा हात रोज इथेच असायचा, हे लक्षात आलं आणि तिला हुंदका फुटला.

"रड हो," सुंदराबाई म्हणाल्या, "पण सोडू नकोस. मी पडेन."

तेव्हापासून बालवाडीत शिकवायला जाण्याआधी कुसुम रोज खाली जाऊ लागली. यात सांत्वन वगैरे काही नव्हतं. काही सकाळी तर जिना उतरणंसुद्धा नको व्हायचं. तरी ती जायची.

मग पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर आला. पहाटेच्या उपासनेत शेजारच्या बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "प्रभू उठला आहे!" त्यावर "खरोखर उठला आहे" म्हणायचं असतं. लहानपणापासून ती ते म्हणत आली होती. आज मात्र ते न म्हणताच तिने हात सोडवून घेतला. ती तशीच बाहेर पडली आणि रिक्षा करून दफनभूमीत गेली.

पूर्णिमाच्या कबरीपाशी पास्कल उकिडवा बसला होता. तिला पाहताच त्याने हातातली मेणबत्ती पाठीमागे लपवली.

"काल रात्रीच्या मिस्सात सगळे आनंदाने गात होते," तो म्हणाला. "मला नाही जमलं."

"मलाही नाही," कुसुम म्हणाली. मग त्याच्या पाठीमागे बघत, "लावा ती मेणबत्ती."

"तुला चालेल?"

"लावा."

वारा होता. तिने ज्योतीभोवती ओंजळ धरली. पास्कलने मुलीला शांती मिळावी म्हणून हळू आवाजात प्रार्थना केली. कुसुमच्या तोंडून 'आमेन' निघालं नाही, पण शेवटपर्यंत तिने ओंजळ काढली नाही.

"अहो, ती उठेल तेव्हा आपल्याला ओळखेल ना?"

पास्कल ज्योतीकडे बघत म्हणाला, "माहीत नाही गं. आपण ओळखू तिला."

कुसुम तिथेच मातीवर बसली आणि पहिल्यांदा त्याच्यासमोर मोठ्याने रडली.

दुःख त्यानंतरही ओसरलं नाही. उपासनेत पुनरुत्थानाचं गीत सुरू झालं, की कुसुम अजूनही गीतांचं पुस्तक उघडं धरून नुसती उभी राहते. पास्कल मिस्सा आटोपून तिच्या चर्चच्या फाटकाशी येऊन थांबतो. आत या म्हटलं, तर "इथे सावली बरी आहे" म्हणतो. मग दोघं मिळून मुलीकडे जातात.