उसाची फळी

आमच्या खोलीतल्या मावशींच्या हातून पट्टी न बांधता सुटलेला एकही जीव तेव्हा नगरात नव्हता. दुष्काळाच्या आदल्या वर्षी मावशी आणि मी एका दवाखान्यात प्रथमोपचाराच्या वर्गाला होतो. मी इंग्रजी शाळेतून आलेली, परक्या माणसाला हात लावायचा म्हटलं की घाम फुटणारी. त्या पाथर्डीकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, माझ्या आईच्या वयाच्या. जेवताना माझा डावा हात मोकळा असा नसेच, त्यावर त्यांचा सराव चाले. खानावळीच्या मांजराचं शेपूट त्यांनी असं बांधलं की ते दिवसभर झेंड्यासारखं उभं होतं. एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याला डुलकी लागली, आणि जागा झाला तेव्हा त्याचा हात गळ्यातल्या झोळीत होता. "दुखत न्हाई ना? मग बराबर बांधलंय," एवढंच मावशी म्हणाल्या.

हे वेड उगीच नव्हतं. मागच्या हंगामात उसाच्या फडात त्यांच्या जावेच्या पायावर कोयता बसला, आणि अख्ख्या टोळीत कुणाला धड पट्टी बांधता आली नाही. जाऊ वाचली, पाय गेला. वर्गात पास होईल तिलाच औषधांची पेटी मिळणार होती, आणि यंदा पेटी घेतल्याशिवाय फडात पाऊल ठेवायचं नाही, असं मावशींनी ठरवून टाकलं होतं.

परीक्षेत मोडक्या पायाची रुग्ण मी झाले. हाताशी मिळेल त्या वस्तूची फळी पायाला बांधायची होती. मावशींच्या हाताशी जन्मभर ऊसच. फाटकापाशी सोडलेल्या बैलगाडीतल्या चाऱ्यातून त्यांनी दोन ऊस ओढले आणि असे पक्के आवळले की डॉक्टरांनीही मान डोलावली. मग मला त्याच बैलगाडीपर्यंत न्यायचं होतं. स्ट्रेचर खाली टेकलं, आणि तिथं बांधलेल्या बैलानं आपला चारा शांतपणे परत घ्यायला सुरुवात केली. रुग्णानं हलायचं नाही असा नियम. मी डोळे मिटून पडून राहिले. वर्ग हसून लोळत होता. डॉक्टरांनी विचारलं, "आता काय करणार, बाई?"

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी बैलाचं तोंड बाजूला सारलं, पट्ट्या सोडल्या आणि माझे दोन्ही पाय एकमेकांना बांधून टाकले.

"दुसरा पाय चांगला हाय की हिचा. त्योच फळी. आता खाऊ द्या त्याला ऊस."

पेटी मिळाली. दसरा झाल्यावर टोळीचा ट्रक निघाला, तेव्हा मी निरोप द्यायला गेले. मावशी पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ट्रक हलेपर्यंत त्यांचं लक्ष एका पोरीच्या खरचटलेल्या गुडघ्यावरच होतं.

त्या संध्याकाळी जेवताना माझा डावा हात मोकळा होता. त्याचं काय करावं, ते मला कळेना.