दिगंबरची जपानी भिंत

दिगंबर गेल्याचा फोन त्याच्या मुलानं, श्रीकांतनं केला तेव्हा मी क्रांती चौकात रिक्षात बसलो होतो, आणि खरं सांगतो, मला आधी रागच आला. मागं एकदा याच दिगंबरनं "छातीत कसंतरीच होतंय, पळत ये" म्हणून मला बोलावलं होतं. मी धापा टाकत हर्सूलला त्याच्या घरी पोचलो, तर हा बाबा स्टुलावर उभा, तोंडात खिळे. "आलास? हे टोक धर. पोस्टर सरळ दिसायलंय का बघ." म्हणून या वेळीही मी श्रीकांतला म्हटलं, "बापाला म्हणावं, तुझा खिळा तूच ठोक." पलीकडं पोरगं रडायला लागलं... मग मी रिक्षा हर्सूलकडं वळवायला सांगितली.

दिगंबर वेरूळच्या लेण्यांत गाईड होता. जपानी पाहुण्यांसाठी मोडकीतोडकी जपानी शिकला होता. त्यातल्याच एका म्हाताऱ्या पाहुण्यानं खूश होऊन, मायदेशी परतल्यावर जुन्या सिनेमांच्या पोस्टरांची गुंडाळी पाठवली, आणि याला वेड लागलं. मग हाँगकाँग, कोरिया... तिकडच्या जुन्या नट्यांचे हातानं रंगवलेले फोटोही यायला लागले. बैठकीची अख्खी भिंत भरली. मधोमध एक तलवारवाला. डोळे असे वटारलेले, की पाहुणे दुसरा चहा मागायला कचरायचे. त्याच्या एका बाजूला छत्री घेतलेली नटी, मान जराशी कललेली. दिगंबर रोज सकाळी कप घेऊन तिच्यासमोर बसायचा. "हिच्या गालावरचा गुलाबी रंग बघ. कुणीतरी बारक्या कुंचल्यानं, श्वास रोखून दिलाय राव!"

गंमत म्हणजे यातला एकही सिनेमा त्यानं पाहिला नव्हता. गोष्टी मात्र सांगायचा, आणि दर वेळी वेगळ्या. तलवारवाला कधी बापाचा सूड घ्यायला निघालेला असायचा, तर कधी हरवलेला बैल शोधायला. मी टोकलं की म्हणायचा, "सिनेमा बघितला की एकच गोष्ट उरती. न बघता लई मावतात."

मंदावहिनींना मात्र ती छत्रीवाली डोळ्यांसमोर नको असायची. "चहा पिता पिता माझ्याकडं कधी बघितलं का असं?" त्यात दिगंबरनं तिचा फोटो फ्रेम करायला दिला आणि फ्रेमवाल्या युनूसभाईंनी कहर केला. आपल्याकडं बाईमाणसाचा एवढा मोठा फोटो फ्रेमला जातो तो ती गेल्यावरच. त्या बिचाऱ्यांनी रीतीप्रमाणं चंदनाचा हार चढवून फोटो घरी पाठवला. दिगंबर तेव्हा वेरूळला. हार घातलेला फोटो दारात उतरताना बघून शेजारच्या काकू, डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या, डोक्यावर पदर घेऊन सांत्वनाला आल्या. "लई तरणी होती हो... तुमची कोण?"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "सवत."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दिगंबर घरी आला तर जो तो त्याच्याकडं बघून मान हलवतोय! त्यानं तो हार काढून खुंटीला अडकवला. "अगं, भिंतीवरच्या माणसाला हार घालायचा नसतो. तिथं कुणी मरत नाय." वहिनींनी त्या दिवशी त्याला चहा दिला नाही.

तेराव्यानंतर श्रीकांत मला म्हणाला, "काका, भिंत रंगवून मोठा टीव्ही लावायचाय. पोस्टरं तुम्ही घेऊन जाता का? नायतर रद्दीतच जातील. आईनं तर जन्मभर नावंच ठेवली त्यांना." माझ्या दोन खोल्यांत ती भिंत कुठं मावणार? आणि नको म्हणू तरी कुठल्या तोंडानं, घर त्यांचं. वहिनी बाजूलाच बसून तांदूळ निवडत होत्या.

परवा मी पोस्टरं गुंडाळायला जुनी चादर घेऊन गेलो. बघतो तर भिंत जशीच्या तशी! उलट एक फोटो वाढलेला. वेरूळच्या लेण्यापुढं टोपी घालून हसणारा दिगंबर.

"टीव्हीचं काय झालं?" मी वहिनींना विचारलं.

"श्रीकांतला म्हटलं, लाव तुझ्या खोलीत."

युनूसभाईंनी याही फोटोला हार चढवूनच पाठवलं असणार, कारण खुंटीवर आता दोन हार होते. माझी नजर तिकडं गेलेली वहिनींनी पाहिली.

"तेच म्हणायचे ना, तिथं कुणी मरत नाय..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी आणलेली चादर परत घडी करून बाजूला ठेवली. मग वहिनींनी नाक पुसलं आणि बोट करून दाखवलं.

"तिच्या शेजारी नाय लावलं, बरं का भाऊजी. मधी तलवारवाला ठेवलाय."