पायाळूची कंबर

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. कारण हे आठवलं की माझे कान अजून गरम होतात. त्यात तुमच्या अंगावर चहा सांडल्याचं पाप आणखी नको मला!

तर मी पायाळू. लोक जन्मताना डोक्यानं येतात, मी पायानं आलो. आता यात माझं कर्तृत्व काय? काहीच नाही. पण आमच्या आर्वीकडच्या गावात पायाळूला भारी मान. कोणाच्या पाठीत चमक भरली, कोणाची कंबर धरली, की त्यानं पायाळूकडे जायचं, पाठ करून उभं राहायचं आणि पायाळूनं त्या जागेवर हळूच लाथ लावायची. चमक गायब! निदान तसं म्हणतात.

माझं गावात किराणा दुकान आहे. सकाळी शटर उघडलं की तेल-साखरेच्या गिऱ्हाइकाआधी एखादी कंबर हजर असायची. लाथ लावली की माणूस जरा चालून बघायचा आणि म्हणायचा, "बरं वाटलं, भाऊ!" खोटं कशाला बोलू, मला त्या 'बरं वाटलं'ची चटक लागली होती. दुसऱ्या गावचं कोणी "पायाळूभाऊचं दुकान कोणतं जी?" असं विचारत आलं, तर मी मुद्दाम थोडा वेळ तांदूळ निवडत बसायचो. लगेच उठलो तर किंमत काय राहिली?

आणि एका सकाळी सरकीच्या ढेपेचं पोतं सरकवताना माझ्याच कमरेत कट्ट झालं.

आता बोला! अख्ख्या गावाच्या कंबरा सांभाळणारा मी, पण मला लाथ कोण मारणार? आपली लाथ आपल्या पाठीला लागत नाही. मी दाराला कडी लावून प्रयत्न केला. पडलो, तो भाग वेगळा.

मलम चोळलं, शेक घेतला. काउंटरमागं असा टेकून उभा राहायचो की वाकडेपणा कोणाला दिसू नये. लाथेसाठी कोणी आलंच तर 'उद्या या' म्हणून कटवायचो. भीती एकच, गावाला कळलं तर? "ज्याले सोताची कमर सांभाळता येत नाई, तो आपली काय सांभाळन?" असं म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो? कमरेपेक्षा या विचारानं जीव जास्त खाल्ला.

मग कानावर आलं की वर्ध्यात सावंगीच्या रस्त्यावर एक डॉक्टर मॅडम आहेत. कायरोप्रॅक्टिक का काय म्हणतात, ते करतात. गोळी नाही, सुई नाही, नुसत्या हातानं दाबून मणके मोकळे करतात. मी घरी मंदाला, म्हणजे आमच्या मंडळींना म्हणालो, "दुकानाचा माल पाहाले वर्ध्याले जातो." आणि निघालो. एसटीत जागा होती, तरी वर्ध्यापर्यंत उभाच गेलो. बसलो असतो तर उठता आलं नसतं.

दवाखान्यात शिरलो. टेबलामागच्या मुलीनं नाव लिहून घेतलं आणि म्हणाली, "पहिल्यांदाच आलात ना काका? आधी मॅडम सगळं विचारतील, तपासतील, मग ठरवतील. सैल कपडे घालून यायचं असतं." मी नेमकी लग्नातली घट्ट पँट घालून गेलेलो. माल बघायला चाललेला माणूस पायजम्यात कसा जाईल?

वळलो, तर समोरच्या खुर्चीत आमच्या गावचे बाबाराव! माझी कंबर धरायच्या आदल्याच दिवशी माझ्या दुकानात लाथ खाऊन 'बरं वाटलं' म्हणून गेलेले.

"भाऊ? तुमी इथी काऊन?"

"तुमी काऊन आले?"

"मी? मी तं साडभावासंगं आलो जी. तो आत गेला हाय." बाबाराव माझ्याकडे न बघता बोलले. "अन् तुमी?"

'कंबर धरली' एवढे दोनच शब्द बोलायचे होते हो! पण नाही. आमचा मान आडवा आला.

"मले मॅडमनं बोलावलं. पायाळूची पद्धत कशी रायते, ते पाहाचं हाय म्हणे त्यायले."

"म्हंजे डाक्टर तुमच्यापासून शिकून राह्यली?"

"शिकून म्हंजे... आता तसंच समजा."

शेजारी आष्टीकडची एक आजी बसली होती. तिनं हे ऐकलं आणि पदर खोचून उभीच राहिली. "का जी, तुमी पायाळू होय? मंग लावा न पाय माह्या कमरेले! माहा नंबर याले लय टाइम हाय."

"इथी नको आजी. दवाखाना हाय हा."

"मंग काय झालं? लात माराले मशीन लागते काय?"

सगळा दवाखाना माझ्याकडे बघायला लागला. त्यात बाबाराव! आपल्या साडूबद्दल कोणी विचारू नये म्हणून की काय, ते माझी जाहिरातच करत सुटले. "लावा भाऊ, लावा! आजी, अख्खा गाव उभा करून राह्यले आमचे भाऊ. पाय लागला का माणूस धावतेच!"

काय करणार? आजी खुर्चीची पाठ धरून वाकून उभी. मी चप्पल काढली, भिंतीला हात टेकला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पाय उचलला.

कमरेतून असा सणका निघाला म्हणता! पाय वर गेला तो गेला, पुढेही जाईना, खालीही येईना. मी एका पायावर उभा. भिंतीवर मणक्यांचं मोठं चित्र लावलं होतं, माझा हात नेमका त्याच्यावर.

आजी मागं न बघता विचारते, "लावला का?"

"थांबा आजी."

"आता कायचं थांबा?"

"जागा... जागा पाहून राह्यलो."

आणि नेमकी तेव्हाच टेबलामागची मुलगी ओरडली, "बाबाराव! कंबरदुखीवाले बाबाराव! चला, तुमचा नंबर आला."

कुठला साडभाऊ आणि काय! बाबारावांनी मान खाली घातली. मी एका पायावरून त्यांच्याकडे बघतोय. एवढ्यात आतलं दार उघडून मॅडम स्वतःच बाहेर आल्या.

"हे काय चाललंय?"

आजीच वळून बोलली. "मॅडम, तुमी ज्यायच्यापासून शिकून राह्यल्या न, ते मले लात मारून राह्यले. पण पोचूनच नाई राह्यली!"

सगळे हसले. मला वाटलं, आत्ता या फरशीनं मला पोटात घेतलं तर बरं होईल. तेवढ्यात बाबाराव उठले. "मॅडम, माहा नंबर भाऊले द्या. लय तरास होऊन राह्यला त्यायले." मग एका बाजूनं मॅडम, दुसऱ्या बाजूनं बाबाराव, अशी माझी वरात आत गेली.

मॅडमनी शांतपणे सगळं विचारलं. पाय बधिर होतो का, ताप येतो का, लघवीला त्रास आहे का, कुठं पडलात का. पडलो म्हणून सांगितलं, कसा पडलो ते नाही सांगितलं. वाकवून पाहिलं, छोट्या हातोडीनं गुडघे ठोकले. मग एका टेबलावर पालथं झोपवलं. त्या टेबलाला तोंडासाठी भोक असतं. त्यातून मला फक्त मॅडमचे बूट दिसत होते.

"श्वास सोडा, काका."

खट्ट!

"मेलो वो मायऽऽ!" मी असा ओरडलो की बाहेर आजीनंही ऐकलं असणार.

"काका, मी अजून हात लावला नाही. नुसतं टेबल खाली घेतलं."

यानंतर खरोखर दाबलं तेव्हा कमरेत बारीकसा आवाज झाला आणि एकदम हलकं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "हाड मोडल्याचा आवाज नाही हा, सांध्यातली हवा असते. उद्यापर्यंत अंग थोडं दुखेल. व्यायाम सांगते तो करायचा, नाहीतर परत याल." एवढ्या मायेनं बोलल्या की मला राहवेना. भोकात तोंड असलं की खरं बोलायला सोपं जातं, समोरचा माणूस दिसत नाही.

"मॅडम, आमच्या गावचा पायाळू मीच. तुमी मले बोलावलं, असं मी बाहेर खोटंच सांगतलं."

बूट एक पाऊल जवळ आले.

"अच्छा, ते भाऊ तुम्हीच का! तुमच्या गावचे बरेच जण येतात माझ्याकडे. सगळ्यांची एकच विनंती असते, आमच्या पायाळूभाऊंना कळू देऊ नका, त्यांना फार वाईट वाटेल."

मॅडमनी उठा म्हटलं तरी मी काही वेळ उठलो नाही. कोणत्या तोंडानं उठू? ज्यानं ज्यानं माझ्या दारात 'बरं वाटलं' म्हटलं, तो तो नंतर गुपचूप कंबर धरून एसटीत चढला होता! मला वाटे मी गावाला सांभाळतो. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली.

बाहेर आलो तर बाबाराव हात जोडून उभे. "राग नका मानू भाऊ. तुमी एवढ्या आनंदानं लात मारता, आमाले नाई म्हणवत नाई जी."

घरी पोचलो. मंदा भाकरी थापत होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय वो, सकाळी वाकडे गेलते, आता एकदम सरळ? काय केलं?"

"काई नाई. एसटीच्या धक्क्यानं झालं असन आपोआप."

"असं?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मंग आता उताणे पडा, दोनी गुडघे छातीशी घ्या अन् हळूहळू सोडा. रोज करा. नाई केलं तं मॅडम लय रागावते."

"कोणती मॅडम?"

"तुमची लात खाल्ल्यावर सारं गाव जिच्याकडं जाते, तेच! मी काय गावाच्या बाहेरची हाय?"