कामगारांचं दार

दुबईत, रास अल खोरच्या आमच्या वर्कशॉपच्या मागच्या दाराशी आज तापलेल्या कटिंग ऑइलचा वास आला आणि मी फ्रान्समधल्या एका जुन्या सकाळी जाऊन पोचलो.

तेव्हा मी तरुण टर्नर होतो. नवीन लेथ शिकायला कंपनीनं तिकडच्या एका लहान गावातल्या कारखान्यात पाठवलं होतं. त्या दिवशी गावचे महापौर येणार होते. समाजवादी माणूस, अर्धा जन्म त्याच कारखान्यात लेथवर गेलेला. पुढच्या दारी गालिचा, फुलं, डायरेक्टरसाहेब. आणि हे गृहस्थ शिरले मागच्या, कामगारांच्या दारानं. ते काय म्हणाले, ते शेजारच्यानं मला इंग्रजीत सांगितलं: "आयुष्यभर याच दारानं आलो. निवडून आलो म्हणून दार बदलणार नाही." मग डायरेक्टरसाहेब चकचकीत बुटांनी तेल चुकवत, फुलं घेऊन मागं आले. एवढं मोठं झाल्यावर मागचं दार कोण धरतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आज मॅनेजर म्हणून माझा पहिला दिवस. वॉचमननं अडवलं, "सर, ये लेबर का गेट है. आप सामने से जाइए." पुढच्या दारी आमचे पुण्याचे जनरल मॅनेजर बुके घेऊन थांबले होते. मी त्यांना फोन लावला.

"सर, तुम्हीच मागं या. बूट सांभाळा, इथं तेल सांडलंय."