साइमीला एक कप धड कॉफी हवी होती

फिनलंडमधल्या आमच्या साव्होनलिन्ना गावात बारसं असो, लग्न असो की मयत, कॉफी साइमी तीलिकाइनेनची. इतकी वर्षं हेच चाललं होतं. चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात ती एप्रन बांधून उभी राहायची आणि समोर चुलीवर एवढं मोठं पातेलं, की आमचे पाद्रीबुवा त्यात बसून आंघोळ करतील. मशीनमधून जे टपकतं त्याला ती कॉफी म्हणतच नाही. पाणी उकळायचं, पूड टाकायची, पातेलं उतरवायचं, परत चढवायचं, आणि मग झाकण उचलून नाक आत. नाकानं हो म्हटलं की कॉफी झाली. घड्याळ नाही, माप नाही. गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं त्या नाकावर पार पडली आहेत.

मागच्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि तिनं एप्रन खुंटीला टांगला. "आयुष्यभर लोकांना पाजली," मला म्हणाली, "आता बाई, मी खुर्चीत बसणार आणि दुसरा कुणीतरी मला आणून देणार."

मला आनंदच झाला. मी तुओवी, बाजारचौकाच्या मागे माझं केस कापायचं दुकान आहे, आणि साइमी माझ्या वरच्या मजल्यावर राहते. दुकान सोमवारी बंद. दर सोमवारी दोघींनी कॉफीला जायचं असं ठरलं. पण जानेवारीत तिला सणसणून ताप आला, दोन आठवडे अंथरुणात होती, आणि उठली ती अशी काही बिनसलेली उठली की विचारू नका.

पहिल्याच सोमवारी चौकातल्या बेकरीत तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"ही कॉफी आहे?"

"अगं, मग काय आहे?"

"भांडी विसळलेलं पाणी आहे."

बाजूला सफरचंद भरून तळलेली गरम लोर्त्सी होती, कडेनं कुरकुरीत, साखर भुरभुरलेली. तीही अर्धी खाऊन तिनं माझ्याकडे सरकवली. मी खाल्ली. मला काय, मी बेकरीच्या बाजूची.

पुढच्या सोमवारी ग्रंथालयातलं कॉफी दुकान. तिथली "पुठ्ठा उकळल्यासारखी". मग हायवेवरचा पेट्रोल पंप, जिथं लाकडाचे ट्रकवाले थांबतात आणि कॉफी अशी काळीकुट्ट असते की चमचा उभा राहावा. साइमी म्हणाली, "कडू आहे. बाकी काहीच नाही." समोरचा ट्रकवाला एवढा दुखावला की त्यानं आपला कप उचलून दुसरं टेबल गाठलं.

मग रास्मुस. रास्मुस म्हणजे दाढीवाला, हेलसिंकीहून परत आलेला, पुलाजवळ दुकान काढलेला. त्याच्याकडे कॉफी औषधासारखी तोलून करतात. त्यानं कप ठेवला आणि हात बांधून उभा राहिला. साइमीच्या तोंडून बरा शब्द निघाला तर दुकानाचं भलं होईल, हे त्यालाही ठाऊक होतं.

"गरम पाण्यात लिंबू पिळलंय," साइमी म्हणाली.

"ती इथिओपियाची आहे," रास्मुस म्हणाला.

"मग तिला तिकडेच राहू द्यायचं होतंस ना, बाळा."

मी टेबलाखालून तिला लाथ मारली. रास्मुसचे कान लाल झाले. बिचारा आत गेला आणि उगाच कप पुसत बसला. बाहेर आल्यावर मी तिला झापलं. "का गं एवढी नाक मुरडतेस? गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस की नाही?"

ती थांबली. तळ्यावर अजून बर्फ होता, त्याच्याकडे बघत म्हणाली, "औतीनं तांपेरे शहरात माझ्यासाठी घर बघितलंय. लिफ्ट आहे. बर्फ फुटेपर्यंत उत्तर दे म्हणालीय. या गावात एक कप धड कॉफी मिळणार नसेल तर मी इथं कशासाठी राहू, सांग."

औती म्हणजे तिची मुलगी. कॉफीपायी कुणी गाव सोडतं का? पण साइमीचं सगळं आयुष्य त्या पातेल्यात गेलेलं. आणि ती गेली तर सोमवारी मी कुणाशी भांडायचं? आमच्या सावो प्रांतातली माणसं गोड बोलतात, गोल बोलतात, पण तोंडावर भांडणारी एकच होती आणि ती माझ्या डोक्यावर राहत होती. मी मनाशी ठरवलं, बर्फ फुटायच्या आत या बाईला चांगली कॉफी शोधून देणारच.

"घरी का करत नाहीस?" मी विचारलं होतं. पूर्वी पहाटे तिची कॉफी चढली की जिन्यात असा घमघमाट यायचा की मी गजर लावत नसे. आता जिना सुना होता.

"पाकीट बदललंय कंपनीनं. भुसा भरतात."

एकदा मी वर गेले तर ओव्हनमधून धूर, आतल्या पावांचा कोळसा झालेला, आणि ही दोन पावलांवर शब्दकोडं सोडवत बसलेली. मी ओरडले तेव्हा कुठं उठली. म्हाताऱ्या झालो आपण, असं म्हणून दोघी हसलो.

दवाखान्याचं कँटीन झालं, रेल्वे स्टेशनजवळचं झालं, एकदा तर बसनं शेजारच्या गावीही जाऊन आलो. पाणी, पुठ्ठा, भुसा. मी हात टेकले.

आणि एप्रिलमध्ये विल्हो गेला. विल्हो आमचा जुना कोळी, जन्मभर साइमा तळ्यावर जाळी टाकत आलेला. त्याची बायको केर्त्तु स्वतः जिने चढून साइमीकडे आली. "तुझ्या हातची कॉफी असल्याशिवाय त्याला कसं पोचवू?" साइमी नाही कशी म्हणणार? तिनं खुंटीवरचा एप्रन उतरवून बांधला, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा मी तिला गुणगुणताना ऐकलं.

मयताच्या कॉफीला आमच्याकडे एक रीत असते. आधी विधवा उठते, मग घरचे, मग बाकीचे. तोवर पोटात कावळे ओरडत असले तरी कुणी हलत नाही. कप भरून दिला की प्यायचा, दुसरा विचारला की घ्यायचा. नको म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसालाच नको म्हणणं. आणि खाण्यापिण्याबद्दल बोलायचं तर नाहीच. मेजवानीला का आलोय आपण?

मी कप घेऊन बसले. तोंडाजवळ नेला आणि थबकले.

मासे. कॉफीला मुइक्कुचा वास येत होता. तळ्यातले ते बोटाएवढे मासे, त्यांच्या सुपाचा, शिळा, चांगला मुरलेला वास.

मला वाटलं, मलाच भास होतोय. घोट घेतला. भास नव्हता. इकडेतिकडे बघितलं. पाद्रीबुवांनी गिळलं, दोनदा डोळे मिटले आणि मेणबत्तीकडे बघू लागले. केर्त्तुच्या दिरानं साखरेचा खडा टाकला, मग दुसरा, मग तिसरा. रास्मुस कोपऱ्यात बसला होता, कपाकडे असा बघत होता, जणू त्याच्या तोलमापाच्या सगळ्या शिक्षणावर पाणी पडलंय. पण बोललं कोण? कुणी नाही. अख्खा हॉल मूग गिळून बसला होता.

तेवढ्यात साइमी किटली घेऊन बाहेर आली. गाल लाल, केस सुटलेले. "अजून?"

साठ कप पुढं झाले. माझाही.

केर्त्तुनं तिचा हात धरला. शांतपणे म्हणाली, "विल्हो असता ना, तर त्याला ही कॉफी फार आवडली असती."

एवढी खरी गोष्ट त्या दिवशी दुसरं कुणी बोललं नाही. जाताना पाद्रीबुवाही स्वयंपाकघरात डोकावले, बराच वेळ शब्द शोधला आणि म्हणाले, "कॉफी गरम होती."

सगळे गेल्यावर मी कप गोळा करत होते. साइमीचा आनंद पोटात मावत नव्हता. "बघितलंस? एकानंही दुसरा कप सोडला नाही! म्हणजे मी म्हणत होते तेच. गावातल्या दुकानवाल्यांनाच येत नाही." तिनं आता कुठं स्वतःसाठी कप भरला, खुर्चीत बसली, घोट घेतला.

तिचा चेहरा उतरताना मी बघितला.

"पाणी," ती म्हणाली. "हीसुद्धा पाणीच आहे, तुओवी. मग सगळ्यांनी कशी घेतली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दार ढकलून मासेमारी क्लबचा कालेर्वो आत आला. "आमचं पातेलं आहे का इथं? लाल दोरा बांधलेलं? काल सूप केलं आणि नुसतं पाणी फिरवून ठेवलं, म्हटलं सावकाश घासू."

हॉलमध्ये दोन पातेली आहेत, हुबेहूब सारखी. माशांच्या पातेल्याच्या कानाला लाल दोरा असतो. साइमीनं तो दोरा जन्मात कधी बघितला नव्हता. तिला काय गरज? ती नाक लावायची.

आता तिनं पातेल्याकडे बघितलं. कानाला लाल दोरा होता. ती उठली, वाकली, तोंड पार आत घातलं आणि ओढून श्वास घेतला. परत घेतला. मग माझ्याकडे वळली.

"तुला वास येतोय?"

"येतोय."

"कसला?"

"मुइक्कुचा."

"खूप?"

"अगं, एखादं मांजर असतं तर हॉलभर नाचलं असतं."

कालेर्वोनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि "उद्या येतो" म्हणून पळाला. साइमी खाली बसली. आधी हसली, अशी हसली की खुर्ची हलली. साठ माणसं, दोन दोन कप, माशांची कॉफी! मीही हसले. मग बघते तर ती रडत होती.

"मला जानेवारीपासून कशाचाच वास येत नाही," ती म्हणाली. "घरी कॉफी केली, वास नाही. म्हटलं पाकीट वाईट. मग गावभर फिरले, म्हटलं सगळ्यांची वाईट. आत कुठंतरी मला कळत होतं गं. पण नाकच गेलं म्हटल्यावर मी राहिले कोण? नुसती दुखऱ्या गुडघ्यांची म्हातारी." डोळे पुसून म्हणाली, "मी औतीकडे जाते. तिथं मला कुणी ओळखत नाही."

मला असा राग आला! "जा! खुशाल जा! लिफ्टमधनं वर जा, खाली ये! पण तिथं तुला कोण सांगणार पातेल्यात मासे आहेत ते?"

"इथं तरी कुणी सांगितलं?" साइमी म्हणाली.

माझ्या पोटात तिचे दोन कप होते.

दोघींनी मिळून ते पातेलं घासलं, तीनदा, आणि घरी आलो.

डॉक्टरनं तिला तपासलं आणि सांगितलं, वास येईल तेव्हा येईल, कदाचित येणारही नाही. सोमवारी सकाळी मी तिचं दार वाजवलं. ती गाऊनमध्येच होती. मागे खोलीत दोन खोकी उघडी दिसत होती.

"कोट घाल."

"कशाला? मला काही कळत नाही आता."

"मला कळतं. घाल कोट."

पुलाखाली बर्फ काळा पडून तडकायला लागला होता. रास्मुसनं आम्हाला येताना बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. साइमी थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. माफी मागायची आमच्याकडे पद्धत नाही, तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या कॉफीत बहुतेक काही दोष नव्हता."

"बहुतेक?"

"नाक परत आलं की नक्की सांगते."

त्यानं तोलून, मापून दोन कप आणले, तीच इथिओपियाची. साइमीनं कप दोन्ही हातांत धरला, प्यायली नाही. माझ्याकडे बघत बसली. मी घोट घेतला.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे?"

जन्मभर कॉफी प्यायले मी, पण ती कशी आहे हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्यात कोण सांगतं? "म्हणजे... गरम आहे."

साइमीनं कप आपटला. "पाद्रीबुवा झालीस का? गरम मला कळतं. कडू कळतं, आंबट कळतं. त्याच्या पुढचं मला कळत नाही, त्याच्या पुढचं सांग!"

दुकानातले चार लोक वळून बघायला लागले. माझं तोंड तापलं. पण मी परत घोट घेतला, डोळे मिटले, आणि चारचौघांत मोठ्यानं बोलले. "ऐक. आपल्या अंगणातल्या लाल बेरी आठवतात? जुलैतल्या, पुरत्या न पिकलेल्या, बोटांनी चिरडल्यावर येतो तसा वास आहे. त्याच्यामागे मध. जास्त नाही, बरणीच्या झाकणाला लागलेला असतो तेवढा. आणि शेवटी, थांब हं... ओल्या लाकडाचा. वाफेच्या सौनातला बाक दुसऱ्या दिवशी असतो ना, तसा."

"बर्चच्या की पाइनच्या?"

"बर्चच्या."

"हं," ती म्हणाली, आणि पहिला घोट घेतला. बराच वेळ तो तोंडात ठेवला.

पर्समध्ये तिचा फोन वाजला. औती होती. साइमीनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "नाही गं, आत्ता नाही जमायचं. अजून सगळी दुकानं झाली नाहीत," आणि ठेवून दिला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

जानेवारीपासून पहिल्यांदा तिनं कप तळापर्यंत रिकामा केला. मग तो रास्मुसपुढं धरला.

"अजून एक दे," ती म्हणाली. "आणि हिलाही दे. हिचं सांगून झालेलं नाही."