मामांच्या मेंदूची शिकवणी

मामांच्या परीक्षेचा विचका केला तो त्यांच्या जावयाने, आणि तोही अगदी मनापासून, रोज संध्याकाळी चहा घेता घेता.

मामा म्हणजे चौकातल्या सलूनचे मालक. एका सकाळी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता त्यांचा उजवा हात लुळा पडला. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. हात हळूहळू सुधारला, पण डोक्याचं काय? ते बघायला दर सहा महिन्यांनी चाचणीवाल्या बाईंकडे जायचं ठरलं. बाई शब्द वाचत, ते आठवून सांगायचे, आकडे उलटे म्हणायचे, ठोकळे जुळवायचे. बाईंनी होकार देईपर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही, असं मुलीने बजावलं आणि वस्तरे कपाटात कुलूपबंद केले. तोवर मामा सलूनच्या बाकावर बसून कारागिराच्या कामात खोड्या काढत.

जावई नेमके शाळामास्तर. परीक्षा म्हटली की त्यांना अभ्यासच दिसे. दुसऱ्या खेपेला बाहेर बसले असताना पातळ भिंतीतून बाईंचे शब्द ऐकू आले, आणि घरी शिकवणी सुरू झाली.

"मामा, शिडी, मेंढी, बटण, कालवा. पुढे?"

"भोपळा!"

"भोपळा शेवटी हो. कालव्यानंतर चष्मा."

"अहो, सोडा की बाबांना," मास्तरांची बायको म्हणाली, "पहिला नंबर काढायचाय का त्यांचा?"

तिसऱ्या खेपेला बाईंनी वाचलेले शब्द वेगळेच निघाले. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतले, घसा खाकरला, आणि शिडीपासून भोपळ्यापर्यंत एका दमात म्हणून टाकलं. बाईंनी पुन्हा वाचले. पुन्हा शिडी. बाईंचा चेहरा उतरला. मास्तरांना आत बोलावून त्या म्हणाल्या, "जे विचारलंच नाही ते सांगताहेत. लक्षण काही बरं नाही."

"बाई, ते लक्षण माझं आहे," म्हणत मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. बाई आधी हसल्या, मग रागावल्या.

"म्हणजे दर खेपेला शब्द बदलता?" अशा वेळीही मास्तरांचं कुतूहल गप्प बसेना.

"बदलतो. तरी माणूस सरावतोच, पुढच्या खेपेला थोडं बरं जमतं. तेवढं आम्ही धरून चालतो. घरच्या शिकवणीचा हिशेब कुठून धरू?"

"पण पास व्हायला किती लागतात?"

"पास-नापास नाही हो! मागचे मामा आणि आजचे मामा, या दोघांचीच तुलना. तुम्ही मध्येच तिसरे मामा आणून बसवलेत."

"पण एवढं पाठ झालं, म्हणजे डोकं चालतंय ना?"

"मलाही तसंच वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर कुणाच्या गळ्याला वस्तरा लावू देऊ?"

आजची चाचणी बाद. पुन्हा सहा महिन्यांनी. मामांनी जिना उतरता उतरता जावयाकडे पाहिलं. "आजवर मी लोकांची डोकी भादरली, जावईबापू. तुम्ही माझंच भादरलंत."

त्यानंतर घरात मुलीचा कायदा लागू झाला. मास्तरांनी बाबांसमोर ओळीने दोन वस्तूंची नावं घ्यायची नाहीत. दुकानातून काय आणायचं म्हणून "साखर, साबण..." एवढं तोंडातून निघालं, तर ती स्वयंपाकघरातून ओरडे, "शिकवणी बंद!"

चौथ्या खेपेला मास्तरांना खाली रस्त्यावरच उभं केलं. आत काय विचारत असतील, या विचाराने त्यांनी फुटपाथ झिजवला. शेवटी बाई स्वतः खाली आल्या. "शब्द पहिल्यापेक्षा बरेच जास्त सांगितले. ठोकळ्यांना वेळ लागतो, पण चुकत नाहीत. हाताबद्दल डॉक्टरांचा होकार आहेच. करू द्या काम. थोडे दिवस कुणीतरी शेजारी उभं राहा."

दुसऱ्या दिवशी कपाटाचं कुलूप निघालं. सलूनमध्ये नेहमीची मंडळी जमली, मामांना मिठ्या मारून झाल्या, पण खुर्चीकडे बोट दाखवून जो तो दुसऱ्याला "आधी तुम्ही" म्हणू लागला. मामा वस्तरा हातात धरून उभे. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळायला लागलेलं. ते मास्तरांना बघवेना. ते उठले आणि खुर्चीत जाऊन बसले.

साबण लागला. वस्तरा गालावरून सरळ, हलका, एका रेषेत खाली आला. मागे श्वास रोखून उभी असलेली मंडळी सैल झाली, मास्तरही सैल झाले, आणि सैल होताच त्यांच्या तोंडून निघालंच, "मामा, काल शब्द कोणते होते हो?"

"गप्प बसा, वस्तरा गळ्यावर आहे."